फुकटची विद्या आणि हक्काची विद्या

माझे वडील सव्वीस हंगाम एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होते. टर्बाइनच्या आवाजावरून कोणते बेअरिंग जायला आले आहे हे ते सांगत. आय.टी.आय. करून आलेले फिटर पहिले दोन महिने त्यांच्या मागे मागे हिंडत आणि तिसऱ्या महिन्यापासून त्यांना हुकूम सोडीत. पगारपत्रकावर वडिलांच्या नावापुढे शेवटपर्यंत 'हंगामी' हाच शब्द राहिला. मी शाळेत असताना एकदा विचारले होते, "दादा, हे काम तुम्ही करता असं साहेबाला सांगत का नाही?" ते म्हणाले, "कामाला कोन इचारतंय? कागद दाव म्हनत्यात. आपल्याकडं कागद न्हाई."

मी घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. त्यातली सहा वर्षे तासिका तत्त्वावर गेली. वडिलांचे ते वाक्य दोन वर्षांपूर्वी मला पुन्हा ऐकू आले, ते एका विद्यार्थिनीच्या तोंडून. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली मुलगी, आईवडील वीटभट्टीवर. आमच्या प्रयोगशाळेतल्या अकरा यंत्रांचे नेटवर्क तिने एकटीने जोडून दिले होते. पुण्याच्या एका मुलाखतीहून ती परत आली आणि म्हणाली, "सर, त्यांनी केबलला हातसुद्धा लावू दिला नाही. सर्टिफिकेट कुठाय, एवढंच विचारलं."

संगणकांची जाळी जोडणे आणि सांभाळणे, आणि जगातले बहुसंख्य सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात ती हाताळता येणे, ही आजच्या काळातली फिटरकी आहे. तिचे कागदही ठरलेले आहेत. सिस्को कंपनीचे सीसीएनए, कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस आणि लिनक्स प्लस, लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटचे एलपीआयसी-१, रेड हॅटचे आरएचसीएसए ही त्यांची नावे. ही परीक्षा घेणारे पदवी विचारीत नाहीत, आडनाव विचारीत नाहीत. शुल्क भरावे आणि परीक्षेला बसावे.

आमचे एक सहकारी आहेत, मनाने सज्जन. त्यांना हा प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आता सगळा अभ्यास फुकट मिळतो. मोबाईलवर मिळतो. आता तरी सबब नको." हे वाक्य मला अनेक दिवस टोचत राहिले, कारण ते निम्मे खरे आहे. हे फुकट साहित्य आले कोठून, कोणी लिहिले, कोणत्या अटींवर दिले, याचा इतिहास पाहिल्याशिवाय उरलेले निम्मे कळत नाही. म्हणून हा लेख.

इंटरनेटचे नियम ज्या टिपणांत लिहिलेले आहेत त्यांना आरएफसी म्हणतात. 'अभिप्रायासाठी विनंती' असा त्या नावाचा अर्थ. पहिले टिपण ७ एप्रिल १९६९ या तारखेचे. लिहिणारा स्टीव्ह क्रॉकर हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतला विद्यार्थी होता. ज्या मित्रांकडे तो उतरला होता त्यांची झोप मोडू नये म्हणून रात्री न्हाणीघरात बसून त्याने ते लिहिले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. मोठी प्राध्यापक मंडळी केव्हा तरी येतील आणि खरे नियम करतील, तोवर आपण नुसती विनंती करावी, असा या पोरांचा समज होता. म्हणून ते नम्र नाव. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या टिपणात लेखनाचे नियम सांगितले आहेत. टिपण कुठल्याही ठिकाणच्या कुणीही लिहावे, विचार अर्धाकच्चा असला तरी चालेल, लांबी एका वाक्याचीही पुरे.

ज्यांच्या घरात लिहिणे म्हणजे अंगठा उठवणे एवढेच होते, त्यांनी या नियमाचे मोल ओळखावे. अर्धेकच्चे लिहिण्याची परवानगी आपल्या मुलांना कोणत्या वर्गात मिळते? तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या 'कुणीही'मध्ये तेव्हा अमेरिकेतली मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या, आणि पैसा तेथल्या संरक्षण खात्याचा होता. दार उघडे होते हे खरे. ते दार ज्या वाड्याला होते त्या वाड्यापर्यंत रस्ता सर्वांना नव्हता.

पण कागद उघडे राहिले, याचा परिणाम दूरवर झाला. सप्टेंबर १९८१ मध्ये ७९१ आणि ७९३ या क्रमांकांची टिपणे निघाली. आज आपण ज्याला टीसीपी/आयपी म्हणतो ते त्यांत सांगितले आहे. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट हे जाळे त्यावर चालू लागले. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संस्थेने १९८४ मध्ये सात थरांचा आपला नमुना प्रसिद्ध केला. या संस्थेचे दस्तऐवज विकत घ्यावे लागत. जग चालले ते टीसीपी/आयपीवर. केवळ कागद फुकट होते म्हणून ते जिंकले असे मी म्हणणार नाही. संरक्षण खात्याचे बळ होते, बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून ते घरोघर गेले होते. तरी ज्याला वाचायचे होते त्याला वाचता आले, हे त्या कारणांपैकी एक आहेच. गंमत अशी की आजही परीक्षेत सात थर पाठ करावे लागतात. मीही करून घेतो.

आता युनिक्सकडे वळू, कारण लिनक्सचे मूळ तेथे आहे. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली १९६९ पासून घडवली. तिच्या हस्तपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. पुढे ही पुस्तिका प्रणालीच्या आतच ठेवण्यात आली. 'मॅन' ही अक्षरे टंकून त्यापुढे आज्ञेचे नाव लिहिले की त्या आज्ञेची माहिती पडद्यावर येते. आजच्या लिनक्समध्येही ती सोय आहे. यंत्राचे पुस्तक यंत्राच्या पोटात! शिकवणीचा खर्च नाही, ग्रंथपालाची मनधरणी नाही. याच प्रणालीत प्रत्येक फाइलवर तीन वर्गांचे हक्क नोंदलेले असतात: मालक, गट आणि इतर, आणि प्रत्येकाला वाचता येते का, लिहिता येते का, चालवता येते का हे वेगवेगळे ठरते. हा धडा शिकवताना 'इतर' या रकान्यापाशी माझा वर्ग नेहमी हसतो. समजावून सांगावे लागत नाही.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे अध्यापक होते. १९७६ च्या सुमारास त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याचा सगळा मजकूर, म्हणजे दहा हजारांहून कमी ओळी, विद्यार्थ्यांसाठी छापून घेतला आणि त्यावर ओळीओळीने भाष्य लिहिले. चालत्या प्रणालीचे काळीज असे उघडे करून शिकवणारे पुस्तक तोवर नव्हते. १९७९ मध्ये सातवी आवृत्ती निघाली, तेव्हा एटी अँड टी कंपनीने परवान्यात अट घातली की हा मजकूर वर्गात शिकवता येणार नाही. लायन्स यांचे भाष्य परवानाधारकांपुरते बंद झाले. मग काय झाले? जे व्हायचे तेच. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. अक्षरे पुसट होईपर्यंत ते पुस्तक देशोदेशींच्या संगणक विभागांत हातोहात फिरले. उघडपणे ते छापले गेले १९९६ मध्ये, पहिल्या प्रतीनंतर वीस वर्षांनी. लायन्स १९९८ मध्ये वारले. पुस्तक छापून आलेले त्यांच्या हयातीत झाले एवढे समाधान.

त्या मजकुरात एके ठिकाणी, एका कामावरून दुसऱ्या कामावर यंत्र कसे वळते तेथे, वाचणाऱ्याला हे समजेल अशी अपेक्षा नाही, अशा आशयाचा शेरा होता. तो जगभर गाजला. मी तो प्रथम वाचला तेव्हा मला राग आला होता. हे वाक्य मी शाळेत वेगवेगळ्या शब्दांत पुष्कळदा ऐकले होते. पुढे रिची यांचे स्पष्टीकरण वाचले. हा भाग परीक्षेला नाही, एवढेच सुचवायचे होते, आणि खरे तर तेथे काय चालले आहे ते आम्हालाही नीट कळले नव्हते, असे त्यांनी मोकळेपणी सांगितले आहे. माझ्या शिक्षकांपैकी कुणी एवढे कबूल केले असते तर माझी निदान दोन वर्षे वाचली असती.

वर्गात शिकवायला मजकूर नाही म्हणून ॲम्स्टरडॅमचे अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स ही छोटी प्रणाली पुस्तकासह काढली. तीही विकत घ्यावी लागे. तिच्यावर शिकलेला हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण नवी प्रणाली करीत असल्याचे जाहीर केले. दरम्यान अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली होती आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला होता. ज्याला प्रत मिळेल त्याने ती वापरावी, तपासावी, बदलावी, वाटावी. मात्र पुढच्यालाही हेच हक्क द्यावेत, अशी त्या परवान्याची अट. टोरवाल्ड्सने १९९२ मध्ये लिनक्स या परवान्याखाली आणले.

प्रणाली मोकळी झाली, पण ती शिकवणार कोण? १९९२ मध्येच मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस, मायकेल जॉन्सन अशा तरुणांनी लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट सुरू केला. वेल्शने लिनक्स बसवण्याची पहिली वाट दाखवणारे पुस्तक लिहिले. ओलाफ कर्क याने नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका लिहिली. तार कुठे जोडायची येथपासून पत्ते कसे वाटायचे, टपालाचा सर्व्हर कसा उभा करायचा येथपर्यंत. ओ'रायली या प्रकाशनसंस्थेने १९९५ मध्ये ती छापून विकली, आणि तोच मजकूर संगणकाच्या जाळ्यावर फुकट राहिला. याखेरीज शेकडो लहान 'हाउ-टू'. आपल्याला एक गोष्ट जमली, ती दुसऱ्याला जमावी म्हणून लिहून ठेवायची, एवढीच या लेखकांची पात्रता. यातले पुष्कळ लेखन रुक्ष आहे, काही चुकीचेही आहे. पण नेटवर्क आणि लिनक्स यांच्या परीक्षांचा आजचा अभ्यासक्रम पाहा; त्याचा मोठा भाग या मंडळींनी परीक्षा निघण्यापूर्वीच लिहून ठेवला होता.

येथे थोडे माझे. २००९ साली मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरी संगणक नव्हता, वसतिगृहात एक होता. उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी मागितली की कंपनी ती पोस्टाने घरपोच फुकट पाठवी. २००५ ते २०११ ही योजना चालली. मी नाव-पत्ता भरून दिला आणि विसरून गेलो. काही आठवड्यांनी पोस्टमन वस्तीत आला, परदेशी पाकीट घेऊन. आमच्या घरी परदेशातून आलेली ती पहिली वस्तू. आईने ती देव्हाऱ्याच्या जागी, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवली आणि मी येईपर्यंत फोडू दिली नाही. त्या सीडीवर मी लिनक्स शिकलो. २०११ मध्ये योजना बंद झाली. माझ्या मागच्या मुलांना ती मिळाली नाही. देणाऱ्याची मर्जी होती तोवर आले. तेव्हा मला यात काही वावगे वाटले नव्हते.

प्रमाणपत्रांचा जमाना याच सुमाराला सुरू झालेला होता. कॉम्पटियाची ए प्लस परीक्षा १९९३ ची. सिस्कोने सीसीएनए १९९८ मध्ये काढली. नेटवर्क प्लस १९९९ ची, लिनक्स प्लस २००१ ची. रेड हॅटने १९९९ मध्ये आरएचसीई सुरू केली आणि तिच्यात पर्याय निवडायचे नसून प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवायचे असते. माझ्या वडिलांना अशी परीक्षा मिळाली असती तर! त्याच वर्षी कॅनडात लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट ही नफा न कमावणारी संस्था स्थापन झाली. तिने परीक्षेत काय विचारले जाईल त्याची तपशीलवार यादी सर्वांसाठी उघडी ठेवली. ही यादी म्हणजे अर्धा अभ्यास. कुणीही तिच्यावरून धडे लिहावेत. आणि लोकांनी लिहिले.

आता आजचे फुकट साहित्य. प्रोफेसर मेसर या नावाने ओळखले जाणारे जेम्स मेसर यांचे नेटवर्क प्लसचे संपूर्ण व्हिडिओ फुकट पाहता येतात. विल्यम शॉट्स यांचे लिनक्सच्या आज्ञांवरचे जाडजूड पुस्तक फुकट उतरवून घेता येते. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटने स्वतःचे धडे मोकळे ठेवले आहेत. राउटर आणि स्विच विकत न घेता पडद्यावर जोडून पाहण्यासाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर नाव नोंदवून फुकट मिळते. व्हर्च्युअलबॉक्समुळे एकाच यंत्रात चार यंत्रे उभी करता येतात. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजात आहेत. ऐकायचे, थांबवायचे, शेजारी करून पाहायचे. ज्याच्या घरी कुणी शिकलेले नाही त्याला ही पद्धत फार मानवते. हे सगळे घेऊन माझी ती विद्यार्थिनी आठ महिने बसली. तेव्हा सहकाऱ्यांचे निम्मे म्हणणे मी मान्य केले आहे, आणि मनापासून केले आहे.

परंतु फुकट आणि मुक्त या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. पॅकेट ट्रेसर प्रथम कंपनीच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव असलेल्यांनाच मिळे. ही अकॅडमी १९९७ मध्ये सुरू झाली. पुढे नियम सैल झाला. तो सैल कंपनीने केला, आवळायचा झाला तर तीच आवळील. आयबीएमने डेव्हलपरवर्क्स या आपल्या संकेतस्थळावर एलपीआयच्या परीक्षेसाठी अतिशय चांगले धडे फुकट ठेवले होते. माझ्या वयाचे पुष्कळ जण त्यांवर शिकले. ते संकेतस्थळ पुढे गुंडाळण्यात आले आणि मी विद्यार्थ्यांना दिलेले पत्ते मुके झाले. आरएचसीएसएच्या अभ्यासाला आमची मुले सेंटओएस वापरीत. रेड हॅटच्याच प्रणालीचे हे फुकट रूप २००४ पासून मिळत होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की सेंटओएस लिनक्सची आठवी आवृत्ती २०२१ च्या अखेरीस बंद होईल. पण येथे एक वेगळी गोष्ट घडली. मूळ मजकूर मुक्त परवान्याखाली असल्यामुळे लोकांनी तो उचलला आणि २०२१ मध्येच रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्स उभे केले. आयबीएमचे धडे कुणाला असे उचलता आले नाहीत. ते वाचायला दिले होते, हक्काने दिले नव्हते.

दान आणि हक्क यांतला फरक आपल्या वाचकांना मी सांगावा असे नाही. मला फक्त एवढे दाखवायचे आहे की तो या नव्या विद्येतही जसाच्या तसा आहे, आणि परवान्याच्या बारीक अक्षरांत लिहिलेला आहे. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटचे धडे आणि शॉट्स यांचे पुस्तक ज्या परवान्याखाली आहे त्यात वाटण्याची मुभा आहे, पण विकण्याची नाही आणि बदललेले रूप प्रसिद्ध करण्याचीही नाही. भाषांतर हे बदललेलेच रूप. म्हणजे मी तो धडा हवा तितक्यांना देऊ शकतो. परवानगी मागितल्याशिवाय तो मराठीत करून छापू शकत नाही. मला त्या लेखकांचा दोष दाखवायचा नाही; त्यांच्या श्रमाचे ते मालक आहेत, आणि शॉट्स यांच्यासारख्या एकट्या माणसाने एवढे दिले हे थोडे नाही. परंतु जीएनयूने २०००मध्ये पुस्तकांसाठी जो मुक्त परवाना काढला त्यात भाषांतराचा हक्क स्पष्ट दिलेला आहे. लायन्स यांच्या झेरॉक्सवाल्यांना जे चोरून करावे लागले ते तेथे उजळ माथ्याने करता येते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना हा भेद पुस्तकी वाटेल. आमच्या वर्गात तोच सगळ्यांत मोठा भेद आहे.

आणखी एका फुकट मालाबद्दल लिहिणे भाग आहे. परीक्षेतले प्रश्न चोरून त्यांची उत्तरांसह फिरणारी बाडे. मुले त्यांना 'डम्प' म्हणतात. एका खाजगी क्लासने आमच्या तीन मुलांकडून फी घेऊन हीच बाडे हाती दिली. एक जण पासही झाला, आणि कामावर पहिल्याच आठवड्यात उघडा पडला. पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होते, ही भीती मी घालतो. पण माझा खरा आक्षेप निराळा आहे. आमच्या पोरांजवळ कसब असते आणि कागद नसतो. हा धंदा कागद देऊन कसब काढून घेतो.

राहिला कागदाचा खर्च. सीसीएनएचे शुल्क ३०० डॉलर आहे, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढे, वर कर. तासिका तत्त्वावर असताना माझा एका महिन्याचा पगार एवढा नव्हता. नापास झाल्यास पुन्हा तेवढेच. आणि मुदत! सीसीएनए तीन वर्षांनी संपते. कॉम्पटियाचे नेटवर्क प्लस २०११ पूर्वी आयुष्यभराचे होते; तेव्हापासून तेही तीन वर्षांचे झाले. एलपीआयसी-१ पाच वर्षांचे. तंत्र बदलते म्हणून पुन्हा परीक्षा हवी, या म्हणण्यात तथ्य आहे. डॉक्टरांनाही ते लागू करावे असे मला वाटते. वडिलांना मी हे समजावून सांगत होतो. ते म्हणाले, "म्हंजे ह्यो कागद बी हंगामीच की."

त्या मुलीसाठी आम्ही भिशी लावली. माजी विद्यार्थी, दोन शिक्षक, झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, असे चौदा जण, महिना दोन हजार. पहिला नंबर चिठ्ठी न टाकता तिला दिला. ती नापास झाली. पत्त्यांची विभागणी तिला तोंडी येत होती. एकशे ब्याण्णवने सुरू होणारा कोणताही पत्ता सांगा, त्याचा गट, पहिला आणि शेवटचा पत्ता ती हिशेबाविना सांगे. पण प्रश्न अर्ध्या अर्ध्या पानाचे, इंग्रजीतले. वाचून समजेपर्यंत वेळ गेला आणि शेवटचे नऊ प्रश्न पाहायचेच राहिले. परत आल्यावर चार दिवस ती महाविद्यालयात आली नाही. पाचव्या दिवशी आली ती भिशीचा आपला हप्ता घेऊन.

पाचवा नंबर पुन्हा तिला द्यावा का, यावर भांडण झाले. झेरॉक्सवाला म्हणाला, एकदा दिले ते दिले, आता चिठ्ठी टाका. त्याचे बरोबरच होते. त्याच्या बहिणीचे लग्न होते. अखेर एका माजी विद्यार्थ्याने आपला नंबर तिला दिला. मधल्या चार महिन्यांत आम्ही दोघांनी तंत्र सोडून नुसते प्रश्न वाचले. या इंग्रजी वाक्यात विचारले काय आहे, एवढेच. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. आता नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला आहे आणि भिशी फेडते आहे.

जाताना तिने एक वही माझ्याकडे ठेवली. पत्ते कसे पाडायचे, मास्क म्हणजे काय, राउटर कोणती वाट का निवडतो, फाइलचे हक्क कसे बदलायचे, हे सारे मराठीत, स्वतःच्या शब्दांत, वीटभट्टीच्या आणि एस.टी.च्या उदाहरणांनी. पहिल्या पानावर तिने लिहिले आहे की ही वही कुणीही उतरवून घ्यावी, चुका दुरुस्त कराव्यात आणि पुढच्याला द्यावी. असला परवाना मी तिला शिकवला नव्हता. लायन्स यांची गोष्ट मात्र वर्गात दोनदा सांगितली होती. शेजारच्या दोन तालुक्यांतून तिच्या प्रती मागायला मुले आली. झेरॉक्सवाला पैसे घेतो, पण पानामागे चार आणे कमी. परवा एकाने दाखवलेली प्रत इतकी पुसट होती की मास्कचे आकडे वाचता येईनात. म्हणून मूळ वही कपाटातून काढून दिली आहे, आणि ती अजून परत आलेली नाही.